वीस मिनिटांचं दुखणं

मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढता चढता राहिलेला आहे. तेव्हा मित्रांनो, माझी कहाणी जरा कान देऊन ऐका.

माझे भाग कुठे जोडले ते मला आठवत नाही. मला जाग आली ती फोर्टमधल्या एका ऑफिसात. तिथे सहा वर्षं मी पत्रं टाइप करून दिली. मग नवी यंत्रं आली, आणि तिथे कामाला असलेल्या सुबोधने मला घाटकोपरला, भटवाडीतल्या आपल्या दीड खोलीत आणलं. टेबलावर मी आणि टेबलाखाली तांदळाचा डबा, असा आमचा संसार. त्याची मुलगी गंधाली तेव्हा सहावीत होती. चाळीतली पोरं मला बघायला यायची. "झकास मशीन आहे यार!" असं कोणी म्हटलं की मी मनातल्या मनात फुगायचो. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे येऊन बसले. माणसं विसरतात हो, त्यांचंही बरोबर आहे.

गंधाली मात्र विसरली नाही. ती माझ्यावर चित्रं काढायची. यंदा तिला ॲनिमेशनच्या वर्गात जायचं होतं. त्यासाठी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाच चित्रं पाठवायची होती. तीन तयार होती, आणि उरलेली दोन माझ्याशिवाय होणार नव्हती.

आणि नेमका तेव्हाच मी आजारी पडलो.

झालं असं. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. गंधालीच्या लवूआजोबांचा मिलमधला पाना, रुक्मिणीची, म्हणजे गंधालीच्या आईची, शिलाई मशीन आणि मी, तिघेही पाटाजवळ मानाने बसतो. मेमध्ये गरमी फार म्हणून गंधालीने माझं बाजूचं झाकण काढलं होतं, ते परत लावलंच नव्हतं. रुक्मिणीने तशीच माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी सुकलेली माळ तिने खसकन ओढली आणि झाकणाचे स्क्रू घट्ट आवळले. "पूजेतली वस्तू, अशी उघड्या पोटाने बरी नाही दिसत," म्हणाली. मला आत काहीतरी टोचल्यासारखं झालं. पण आपल्याच पोटात वाकून कोणाला बघता येतं?

त्याच आठवड्यात गंधालीने माझं विंडोज काढलं. ते फार जुनं झालं होतं, आणि नवं विंडोज माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपणारं नव्हतं. तिचा मित्र श्रेयस म्हणाला, "लिनक्स टाक ना. फुकट आहे, हलकं आहे." तिने आपली चित्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मला उबंटू नावाचं लिनक्स दिलं.

मित्रांनो, अंग तेच आणि मन नवं, हा अनुभव तुम्हाला सांगून कळायचा नाही! सगळ्या खुणा वेगळ्या, बटणं दुसऱ्या जागी. मी कोण आहे याचाच मला प्रश्न पडला, आणि गंमतही वाटली. आता हे नवं मन काय काय करतं ते बघू, असं म्हणतोय तोच वीस मिनिटांत डोळ्यांपुढे काळोख. मी बंद!

"ते लिनक्स-बिनक्स टाकलंस ना, लागली वाट!" सुबोध ओरडला.

"बाबा, उघडून बघू का?"

"झाकणाला हात लावायचा नाही! शिकाऊ हाताने उघडलं की जे चालतंय तेही बंद पडतं. शनिवारपर्यंत बघ, नाहीतर रविवारी भंगारवाला येतोच आहे."

तो वाईट नव्हता. दमून आलेला माणूस होता.

गंधालीने उबंटू काढून मिंट नावाचं दुसरं लिनक्स टाकलं. पुन्हा वीस मिनिटं. मग त्याहून हलकं असं डेबियन टाकलं. मी पस्तीस मिनिटं टिकलो आणि परत आडवा! एका आठवड्यात तीन मनं झाली माझी. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय?

पण पोरगी जिद्दीची. तिने वहीत मिनिटं लिहून ठेवायला सुरुवात केली. सकाळी जास्त टिकतो, दुपारी कमी. नुसता पडून असलो तर बरा असतो, चित्र काढायला घेतलं की लगेच कोसळतो. बुधवारी तिने टेबलफॅन माझ्याकडे वळवला आणि मी तासभर चाललो. तेवढ्यात चौथं चित्र झालंसुद्धा.

"आई, हे बघ ना," ती वही नाचवत म्हणाली, "तिन्ही लिनक्समध्ये दुखणं एकच आहे. म्हणजे लिनक्सचा दोषच नाही गं! हा कशाने तरी तापतोय."

कॉटवर पडलेले लवूआजोबा उठून बसले. आजोबांनी मिलमध्ये सूतकताईच्या खात्यात साच्यांवर, म्हणजे कताईच्या यंत्रांवर, तीस वर्षं काढली होती. ते माझ्याजवळ आले, मागे हात धरला, मग झाकणाला कान लावला.

"एक पंखो फिरता हा," ते आपल्या मालवणीत म्हणाले, "पण आतलो फिरना नाय. गो चेडवा, उघड ह्यां."

"बाबा ओरडतील, आजोबा."

"सुबोधाक मी बघतंय. प्लग काढ आधी."

स्क्रू निघाले, झाकण उघडलं. माझ्या मुख्य पंख्याच्या आसाला झेंडूच्या माळेचा दोरा घट्ट गुंडाळला होता आणि त्यात दोन-चार सुकलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. आजोबा हसतच सुटले. "साच्यार असोच दोरो गुंडाळता! अख्खो जन्म ह्याच सोडवण्यात गेलो माझो."

रुक्मिणीने कपाळाला हात लावला. "अगंबाई! म्हणजे माझ्याच पूजेने..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पूजा नाय चुकली गो," आजोबा म्हणाले. "माळ चुकली."

रुक्मिणीच्याच भुवयांच्या चिमट्याने गंधालीने एकेक धागा सोडवला. प्लग लावला. पंखा गर्रकन फिरला आणि मला इतकं गार वाटलं की काय सांगू!

सुबोध घरी आला तेव्हा माझं पोट अजून उघडंच होतं. "उघडलंसच?" तो दारातूनच म्हणाला. रुक्मिणीने तो दोरा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने दोरा बोटांत फिरवून बघितला, मग चपला काढून आत येऊन माझ्यावर हात ठेवला. "कधीपासून चालू आहे?"

"साडेतीन तास," गंधाली म्हणाली.

"आणि चित्रं किती राहिली?"

"एक."

"मग काढ ना. थांबलीस कशाला?" आणि त्याने माझ्या डोक्यावरचे इस्त्रीचे कपडे स्वतः उचलून कपाटात ठेवले.

पाचवं चित्र तिने यंत्राला कान लावून बसलेल्या आजोबांचं काढलं. शुक्रवारी ते गेलं, आणि दिवाळीआधी वर्गाचं बोलावणं आलं. गंधालीने चाळभर पेढे वाटले. मला खाता येत नाहीत, म्हणून एक माझ्यापुढे ठेवला आणि मग स्वतःच खाल्ला.

लक्ष्मीपूजनाला रुक्मिणीने आधी माझं झाकण उघडलं. गंधालीच्या जुन्या ब्रशने आतली धूळ झटकली, एका बोटाने पंखा हलकेच फिरवून पाहिला. मग झाकण लावून वर झेंडूचं एकच फूल ठेवलं. बिनदोऱ्याचं.

मित्रांनो, तुमच्याही घरात सारखं बंद पडणारं कोणी असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला भंगारात काढायच्या आधी, त्याचं मन बदलायला निघायच्याही आधी, एकदा जवळ बसून हात लावून बघा. ते तापलंय का, एवढंच विचारा.