धुतल्यावर न आटलेला घोडा

मी बोलतोय, गॅलरीतल्या टेबलावरचा रेझिन प्रिंटर, म्हणजे पातळ रसायन थराथरानं घट्ट करून वस्तू घडवणारा थ्रीडी प्रिंटर. अंगानं लहान, किमतीनं दुकानातला सगळ्यात हलका. पण सध्या माझी मान ताठ आहे आणि कारण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

दुकानात माझ्या शेजारी दोन धिप्पाड भाऊबंद होते. गिऱ्हाइकं त्यांच्यापुढेच घुटमळायची. एक दिवस एक म्हातारे शिंपी मुलीला घेऊन आले. टेप गळ्यातच.

"काय बनवायचंय, काका?" दुकानदारानं विचारलं.

"बुद्धिबळाचा घोडा. माझ्या धाकट्या भावाचा. त्याला दिसत नाही, भोकं पाडलेल्या पटावर हातानं चाचपून खेळतो. एक घोडा माझ्याकडून चिंध्यांबरोबर कचऱ्यात गेला."

"एका घोड्यासाठी मशीन?"

"दुकान बंद केल्यापासून बाबांचे हात शिवशिवतात," मुलगी म्हणाली. "छंदही होईल."

काकांनी टेपनं माझी छाती मोजली. मग आम्ही तिघांनी बनवलेले नमुने त्यांनी उलटे करून पाहिले. "सदरा आतून बघावा, शिवण तिथे कळते," म्हणाले. माझा नमुना दोनदा फिरवला. "बोटभर घोड्याला एवढा पुरे." मला त्या माणसाचं भारी कौतुक वाटलं. दुकानदारही भला. त्यानं हातमोजे, धुवायचं स्पिरिट, पक्कं करायचा दिवा असा सगळा खर्च आधीच सांगितला आणि मला उघड्या हवेत ठेवायला बजावलं.

घरी आल्यावर कळलं की घोडा हरवला त्या दिवसापासून पट बंद होता. काकांनी घोड्याच्या जागी बटण खोचून पाहिलं होतं. "पोरखेळ नको मला," एवढंच भाऊ म्हणाला. तेव्हापासून दोघे एकाच खोलीत बसत आणि रेडिओ ऐकत. काकांना ते फार लागलं होतं.

मुलीनं पटावरचा उरलेला घोडा समोर ठेवून कॉम्प्युटरवर आकृती काढली. पटाच्या भोकात बसणाऱ्या खुंटीचं माप काकांनी सांगितलं. मी पातळ थरावर थर चढवत, उलटा टांगून, चार तासांत घोडा घडवला. मुलीनं तो धुतला, दिव्याखाली पक्का केला. पण खुंटी भोकात शिरेना!

"बाबा, माप किती धरलंत?"

काका ओशाळले. "धुवायचा आहे म्हणालीस ना? आटेल म्हणून एक मिलिमीटर जास्त धरला."

मुलगी पोट धरून हसली. पन्नास वर्षं कापड आटताना पाहिलेला माणूस, दुसरं काय करणार? मला त्यांच्यावर रागावताच आलं नाही.

माप सुधारून मी पुन्हा घडवलेला घोडा अचूक बसला. फक्त मानेखाली, मी आधाराला लावलेल्या काड्या तोडल्यावर, बारीक खडे राहिले. काका पॉलिशपेपर घेऊन घासायला बसले, तोच भावानं हात पुढे केला.

बोटं कानांवरून गेली, मानेखाली थांबली. माझा जीव टांगणीला.

"हे खडे काय?"

"घासतोय, थांब जरा."

"नको. राहू देत. आता माझे दोन घोडे मला वेगळे कळतील." त्यानं तो पटावर खोचला. "दादा, बस. तुझी चाल."

माझ्यासारखा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला आणि नमुना तेवढा उलटा करून बघा. मी इथे गॅलरीत आहे. आतून पटावर खुंट्या बसल्याचा आवाज येतोय, आणि काका हरताहेत.