त्याच्या मापाची खुर्ची

माझी बायको रहस्यकथा लिहिते आणि मी सुतारकाम करतो. तिची खोड अशी की, तिचा गुप्तहेर जिथे काम करतो ती खोली डोळ्यांसमोर खरोखरची उभी असल्याशिवाय तिला एक ओळ सुचत नाही. म्हणून मागची अडगळीची खोली मी रिकामी करून दिली, टेबल केलं, टोपीसाठी खुंटी ठोकली आणि त्याला बसायला एक भक्कम खुर्ची केली. माप तिनेच दिलं, माझ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच माणसाचं. तिथेच माझं डोकं फिरलं होतं.

लिहिताना ती त्या खुर्चीत कधीच बसत नाही. समोर, त्याचे अशील बसतात त्या स्टुलावर, मांडीवर फळी घेऊन बसते आणि त्याला एकेक विचारत जाते. दार आतून लावलेलं. मला लग्नापासून ‘अहो’, त्याला मात्र एकेरी! जेवतानाही विषय त्याचाच, तो किती शांत, समोरच्याचं कसं मन लावून ऐकतो. कागदावरच्या माणसावर जळणारा नवरा म्हणजे लोकांना हसायला आयतं कारण, हे कळत होतं, तरी मी जळायचो.

एकदा खुर्ची पुसायला गेलो, तर खुर्चीच्या डाव्या हाताचं पॉलिश झिजलेलं दिसलं. तिचा गुप्तहेर डावखुरा आहे.

"इथे कोण बसतं गं?" मी विचारलं.

"दुसरं कोण बसणार?" ती हसली. "अहो, त्याचीच ना ती खुर्ची?"

ती प्रकाशकाकडे गेली त्या दुपारी मी करवत घेऊन आत शिरलो. खुर्चीचे चारही पाय दोन-दोन बोटं कापले, कडा घासल्या, भुसा कणन् कण वेचला. बस म्हटलं आता, गुडघे पोटाशी घेऊन. कितीतरी दिवसांनी मला शीळ घालावीशी वाटली.

संध्याकाळी ती खोलीतून लवकरच बाहेर आली. चेहरा उतरलेला होता.

"आज तो बसलाच नाही," ती म्हणाली. "उभ्याउभ्याच सगळीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, तुझा नवरा जेवायला कुठे बसतो?"

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं. त्याच्यापुढे काही लपवता येत नाही हो."

मी हसण्यावारी नेलं. लेखिकेशी लग्न केलं की एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

सकाळी चहाला बसलो, तर टेबलाची कड नेहमीपेक्षा वर आलेली. माझी खुर्ची उलटी करून पाहिली. चारही पाय दोन-दोन बोटं कापलेले, कडा घासलेल्या, खाली भुशाचा कण नाही. काम माझ्याइतकंच सफाईचं होतं. फक्त तळाशी करवतीच्या रेघा माझ्या हाताच्या नव्हत्या, उलट्या बाजूला तिरक्या गेल्या होत्या.

बायकोने कप पुढे ठेवला. ती माझ्याकडे बघत नव्हती, मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"आज पहाटेच विचारत होता," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता."