सासूबाईंनी बस उभी केली

मी कुणाचं कौतुक सहजासहजी करत नाही, सासूचं तर मुळीच नाही. डोनासियाना माझी सासू. मक्याचं पीठ पानात गुंडाळून मी उकडलेल्या तामालमध्ये तिला सात वर्षं नुसती खोडच सापडायची. पण त्या बसमध्ये तिनं जे केलं ते नाकारायला गेले तर जीभ झडेल माझी.

लग्नाला दोन महिने झाले होते. तिचिंदाच्या तामालांची टोपली घेऊन आम्ही दोघी अकापुल्कोच्या बसमध्ये बसलो होतो. तिचिंदा म्हणजे आमच्या खाडीतली काळी शिंपली, कोपरापर्यंत चिखलात हात घालून काढावी लागते. वाटेत चौकीवर बस थांबली आणि परदेशी माणसं हुडकणारा साहेब आत चढला. त्याची नजर गोऱ्यांवरून सरळ घसरली, डोंगरातल्या आमुस्गो आदिवासी बायांवर जरा अडकली आणि आमच्यावर येऊन बसली.

"तुम्ही काळ्या. कुठल्या? होन्डुरासच्या ना?"

"तुझी पणजी रांगत नव्हती तेव्हापासून इथल्याच," सासू म्हणाली.

"मेक्सिकोत काळी माणसं नसतात."

शाळेच्या पुस्तकातही असंच होतं. आमच्या खापरपणज्यांना साखळीनं बांधून आणलं, त्यांच्याकडून गुरं राखून घेतली, कापूस वेचून घेतला, लढायांमध्ये पुढं उभं केलं. पुस्तक लिहायला बसले तेव्हा मात्र नेमके आम्हीच विसरले गेलो.

सासूनं आपला जन्माचा कागद काढून दाखवला. माझ्याकडे कागदच नव्हता. नोंद करायची कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिथं आमच्या बापाला दारातूनच हाकलायचे. शेवटी त्यानं जाणं सोडलं. आमच्या शेजारच्या मेल्कियादेसला असाच बसमधून उतरवून ग्वातेमालाच्या हद्दीपार टाकला होता. तिथं काळं कुत्रंसुद्धा त्याच्या ओळखीचं नव्हतं. चालत परत यायला दीड महिना लागला, पायाची नखं गेली. तो निदान पुरुष होता. मी अठरा वर्षांची.

"राष्ट्रगीत म्हण," साहेब मला म्हणाला. "इथली असशील तर येईलच. नाहीतर उतर खाली."

मला येत नव्हतं. पहिलीतच शाळा सुटलेली.

"थांब," सासू म्हणाली. "बसून म्हणतात होय राष्ट्रगीत? आईनं काही शिकवलं की नाही तुला? उठा रे सगळे! टोप्या काढा! ए ड्रायव्हर, बंद कर तुझं ते धुडूधुडू, देशापेक्षा इंजिन मोठं का?"

"म्हातारे, मी हिला सांगितलं—"

"छातीवर हात ठेव, बाळा. गीत सुरू होतंय."

आणि तिनं सूर लावला. सूर कसला, पलीकडच्या होडीला मारतात तशी हाक! अकरा वर्षं ती गावची शाळा झाडत होती. आत बसून शिकायला तिला कुणी बोलावलं नाही, पण दर सोमवारी झेंडा चढला की ती झाडू बाजूला ठेवून अंगणात ताठ उभी राहायची. जे कानात पडलं ते शिकली. जिथं शब्द अवघड होते तिथं तिनं आपले मासे आणि जाळी घातली.

माणसं उठली. आधी चार जण, मग सगळी बस गायला लागली. स्पॅनिशचा एक शब्द न येणाऱ्या आमुस्गो बायाही हुंकार भरत उभ्या राहिल्या. साहेबाला हात छातीवर ठेवावाच लागला. त्या गलक्यात मीही ओठ हलवले. कुणाला येतंय, कुणाला नाही, हे देवालाही कळलं नसतं.

संपल्यावर लोक घाम पुसत बसले.

"आता ही एकटी म्हणेल," साहेब म्हणाला.

"म्हणेल की! उठा रे सगळे, पहिल्यापासून!"

"अहो साहेब!" मागून कोंबड्यांची खुराडी घेतलेला माणूस ओरडला. "माझ्या कोंबड्या मरतायत उकाड्यानं! आणि ह्या बाईला होन्डुरासला धाडाल तर ते लोक आपल्याशी लढाई पुकारतील!"

सगळी बस हसली. साहेबाचे कान लाल झाले. सासू मात्र हसली नाही. हात छातीवर ठेवून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, पुन्हा सुरुवात करायला तोंड उघडून उभी राहिली.

साहेब उतरला.

बस सुटली तशी सासू धपकन बसली. तिच्या घागऱ्याखाली दोन्ही गुडघे लटलट कापत होते. इतका वेळ त्या पायांवर ती माझ्यासाठी उभी होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काढ तो हात," ती म्हणाली. "उकडतंय. आणि सोमवारी झाडू घेऊन चल माझ्याबरोबर शाळेत. ओठ हलवून काय दर वेळी भागणार आहे?"