तू बोलू नकोस

सेल्फ फिरत होता, पण गाडी उठत नव्हती. मागच्या सीटवर आईला बसवलेलं, तिचे ओठ निळसर पडलेले आणि बाबा स्टिअरिंगवर मूठ आपटत म्हणत होते, "कालपर्यंत ठणठणीत होती!"

"कोण, गाडी की आई?" मी ओरडले. घाबरले की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, हृदयाचं दुखणं आहे, बसवूनच आणा आणि तिला एक शब्द बोलू देऊ नका, दम लागेल. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटकडे गेलेली. टॅक्सीवाला "निघालोच" म्हणाला आणि मग फोन उचलेना. भर दुपारी गल्लीत दुसरी गाडी नाही. उरली ही बाबांची म्हातारी गाडी. बाबांनी गॅरेज माझ्या हाती सोपवलं, पण हिला कधी हात लावू दिला नाही.

बॉनेट उघडून मी एक प्लग काढला. पेट्रोलचा भपकारा आला, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. तोच प्लग वायरीला जोडून इंजिनाला टेकवला.

"बाबा, मारा सेल्फ!"

इंजिन घरघरलं. प्लगच्या टोकाला ठिणगी नाही. दुसरा प्लग काढला, त्यालाही ठिणगी नाही.

"कॉइल गेली, ठिणगी बनतच नाहीये," बाबा म्हणाले. "गॅरेजमधून नवी घेऊन ये, पळ."

"तेवढ्या वेळात..."

मागची काच वाजली. आई पर्स काचेवर आपटत होती.

"आई, बोलू नकोस गं! निघतोय आपण." निघतोय म्हणे! कशाच्या जोरावर?

कॉइलकडून येणारी जाड वायर मी डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या, झाकणातून उपसली आणि कोरड्या फडक्यात धरून तिचं टोक इंजिनाजवळ नेलं. बाबांनी चावी फिरवली. टक् टक् टक्, चांगल्या निळ्याशार ठिणग्या उडाल्या.

"कॉइल चांगली आहे! करंट या झाकणापर्यंत येतोय, पुढे प्लगांना जात नाहीये. झाकण उघडते."

"त्याला हात लावू नकोस," बाबा तरातरा खाली उतरले. "आज सकाळीच आतले पॉइंट घासून, पुसून, मी स्वतः बसवलंय. तिथे चूक असणं शक्य नाही."

"आईचा जीव जायची वेळ आलीये आणि तुम्ही कसला तोरा धरून बसलाय?"

मागचं दार अर्धवट उघडलं. "अहो... ते..." आईला पुढचा श्वास मिळेना.

"तू बोलू नकोस म्हटलं ना!" बाबांनी धावत जाऊन दार लावलं.

तेवढ्यात मी क्लिपा काढून झाकण उचललं. आत रोटर नव्हता. अंगठ्याएवढा तुकडा असतो तो. आतल्या आत फिरतो आणि एकेका प्लगला त्याची ठिणगी वाढतो. वाढणाराच नाही म्हटल्यावर ताटात काय पडणार, कपाळ!

तो कुठे गेला ते मला लगेच कळलं. बाबांचा नियमच आहे, इंजिनात हात घालायचा तर आधी रोटर काढून खिशात टाकायचा. मग कुणी चुकून चावी फिरवली तरी गाडी सुरू होत नाही, बोटं शाबूत राहतात. हा नियम मोडला म्हणून लहानपणी माझ्या पाठीत धपाटा बसलाय. सकाळी काम झालं, जेवायची हाक आली, धूळ जाऊ नये म्हणून बाबांनी झाकण लावलं. तेलकट शर्ट बदलून जेवायला बसले आणि विसरले.

बाबांचा हात खिशाकडे गेला. धुतलेला शर्ट, रिकामा खिसा.

"पोरी, तो दुसरा शर्ट..."

मी घरात धावले. शर्ट बादलीत भिजत होता. खिसा उलटा केला, काही नाही. बादली उपडी केली, मोरीच्या जाळीत बोटं घातली. फेसाशिवाय हाताला काही लागेना. मी रडतही होते आणि बाबांना शिव्याही घालत होते.

बाहेर आले तर बाबा रस्त्यावर ओणवे होऊन गाडीखाली चाचपडत होते. मागची काच आता वाजत नव्हती. मी दार उघडलं.

आईने मान मागे टाकली होती. डोळे उघडे होते. मांडीवर पर्स उघडी आणि मूठ माझ्याकडे पुढे केलेली. मुठीत रोटर.

कपडे भिजवायच्या आधी ती खिसे तपासते. सापडलेले स्क्रू, नाणी पर्समध्ये टाकते आणि संध्याकाळी बाबांसमोर ओतून त्यांना चार शब्द सुनावते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यात कळसावालीलाच आम्ही गप्प बसवत होतो.

रोटर दाबून बसवला, झाकण, वायर, प्लग. बाबांनी चावी माझ्या हातात दिली. "तू चालव." ते मागे आईला धरून बसले. पहिल्याच सेल्फला गाडी उठली.

"अजून उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. बाबांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी नर्सने आईच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला. आईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे.

"आता बोलू का?"

बाबांनी तिचा हात कपाळाला लावला आणि पोरासारखे हमसून रडले. "बोल गं," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोल."