भोंबलच्या नावावरचा मासा

कनकपिशीच्या स्वयंपाकघरात शेवटचा मासा शिजला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं श्राद्ध उरकलं त्याच दिवशी सासूने माशाची कढई उचलून मोलकरणीला देऊन टाकली. विधवेने मासा सोडायचा, हे बागबाजारच्या बंगाली वस्तीत कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. सासू जाऊनही आता पंधरा वर्षं लोटली होती, पण पिशीचं, म्हणजे साऱ्या गल्लीच्या या आत्याचं, भोपळा आणि डाळ काही सुटलं नव्हतं.

म्हणून खालच्या मजल्यावरचे लाहिडीमास्तर बोक्याला काखोटीला मारून दारात उभे राहिले, तेव्हा पिशीला वाटलं, नोकरीबरोबर या माणसाची अक्कलही निवृत्त झाली.

"पिशी, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "पस्तीस वर्षं फळ्यावर हिमालय काढला. एकदा खरा बघू द्या की."

"बघ ना. मी काय त्याच्या आड उभी आहे?"

"भोंबलला कुठे ठेवू? गेल्या दुर्गापूजेच्या सुट्टीत प्राण्यांच्या पाळणाघरात ठेवला, तर दोन दिवस अन्नाला शिवला नाही. समुद्र अर्धवट टाकून परत आलो. आता आमच्या मृदुलाबाई म्हणतात, याची सोय झाल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

"अरे, त्याला लागतो मासा. सगळी गल्ली सोडून तुला विधवाच सापडली?"

"तुमच्याशिवाय तो कोणाच्या मांडीवर बसतो सांगा."

हे मात्र खरं होतं. भोंबल एव्हाना मास्तरांच्या काखेतून निसटून पिशीच्या मांडीवर पसरलाही होता. पिशीने अट घातली, की मासा खाली तुमच्याच घरात, तुमच्याच भांड्यांत शिजेल आणि मी हात धुऊन वर येईन. मास्तरांनी आनंदाने किल्ली दिली आणि सोबत चार पानी सूचना दिल्या. दुसऱ्या पानावर चक्क तक्ता होता.

तक्त्याप्रमाणे पिशीने नाक मुरडत फ्रीजमधला मासा नुसता उकडून पुढे ठेवला. भोंबलने तो हुंगला आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला, "खातोय ना?"

"खातोय, खातोय. तू डोंगर बघ," पिशी धडधडीत खोटं बोलली. बिचाऱ्याला जन्मात पहिल्यांदा हिमालय दिसत होता.

तिसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन स्वतः मासळीबाजारात गेली. विळीवर बसलेला गोष्ठो कोळी तिला बघून बुचकळ्यात पडला.

"मासीमा, वाट चुकलात? भाजी पलीकडे."

"बोक्यासाठी हवाय."

गोष्ठोने एक मरगळलेला मासा पुढे सरकवला. पिशीने बोटाने कल्ला उचलून पाहिला. "हा परवाचा आहे. बोका म्हणून काय वाट्टेल ते खाईल?" सव्वीस वर्षांत तिचं बोट काही विसरलं नव्हतं. तिने चार ताजे पाबदा निवडून घेतले.

मास्तरांच्या स्वयंपाकघरात तिने मोहरीचं तेल तापवलं, कलौंजी टाकली, हळदीचा पातळ रस्सा केला. एका पाबद्याचा रस्सा धुऊन, काटे काढून तो भोंबलला दिला. त्याने बशी चाटूनपुसून लख्ख केली. तीन उरले.

टाकायचे? पिशी कढईकडे बघत राहिली. शेवटच्या आजारात नवरा म्हणाला होता, "मी गेल्यावर मासा सोडू नकोस, कनक. तुझ्यासारखं चवीने खाणारं माणूस मी पाहिलं नाही." हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूने विश्वास ठेवला नसता, आणि सासू गेल्यावर सांगायचा धीर झाला नव्हता.

तिने भात वाढून घेतला. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली ती नुसती सपाटून भूक. तिन्ही पाबदा संपले.

मग बोक्याचे चोचले वाढतच गेले.

"आज काय फर्मान आहे बोकेसाहेबांचं?" गोष्ठो विचारी.

"गाबोळीचा इलिश म्हणतो."

"मोहरी वाटून करणार?"

"त्याला तसाच आवडतो. करता काय."

"खानदानी बोका आहे," गोष्ठो म्हणे आणि मान खाली घालून तुकड्या करी.

पिशी गुणगुणत जिना चढू लागली. इतकी खुशीत ती कित्येक वर्षांत नव्हती. फक्त रात्री अंथरुणावर पडलं, की बोटं मोजावीशी वाटत. दहा दिवस सरले की बोका ज्याचा त्याच्याकडे जाणार आणि त्याच्यामागोमाग मासाही जाणार.

दहाव्या दिवशी संध्याकाळी लाहिडी नवरा-बायको माकडटोप्या घालूनच टॅक्सीतून उतरले. मृदुलाने भोंबलला उचलून पाहिलं.

"पिशी, बाजाराजवळ टॅक्सी थांबली तेव्हा गोष्ठो भेटला. तो म्हणतो, याने इलिश खाल्ला, चितळ मासा खाल्ला, कोळंबी खाल्ली. हा तर आहे तेवढाच आहे." तिने पिशीच्या भरलेल्या गालांकडे पाहिलं. "कोणाच्या अंगी लागलं म्हणायचं?"

पिशीने मान खाली घातली. मृदुलाने तिच्या हातात संत्र्यांची पिशवी दिली आणि हात जरा वेळ धरून ठेवला.

"पुढच्या वर्षी केरळ," मास्तर म्हणाले.

"पुढच्या वर्षी कशाला? उद्या जा," पिशी म्हणाली आणि किल्ली परत करून वर गेली.

सकाळी तिने भोपळा चिरायला घेतला. अर्धा चिरला. मग विळी आडवी केली, हात धुतले, पदर सारखा केला आणि पिशवी घेऊन निघाली.

गोष्ठोपुढे गर्दी होती. "मासीमा, मास्तर आले ना काल? आत्ताच बोक्यासाठी रोहू घेऊन गेले. आता कोणासाठी?"

शेजारी गल्लीतल्याच दोन बायका भाव करत होत्या. त्या वळून बघू लागल्या.

"माझ्यासाठी," पिशी म्हणाली, दोघींना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

गोष्ठोने हातातला मासा खाली ठेवला आणि मागच्या बर्फात कोपरापर्यंत हात घातला. "मग तो नको. थांबा, चांगला काढतो."