बारांपैकी सात

जुलैतला शेवटून दुसरा रविवार. चर्चहून आल्याआल्या पॉलेट कोस्टेल्निकनं कपडेही न बदलता कोबी चिरायला घेतला. मुलगा जेवायला यायचा होता आणि कोबी आणि नूडल्सच्या हलुश्कीवाचून त्याचं रविवारचं जेवण पुरं होत नाही. त्यातला कोबी लोण्यात मंद आचेवर तासभर तरी परतावा लागतो, तेव्हा कुठे त्याला गोडी येते. तिचा नवरा एमिल टेबलाशी बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होता. त्याची नजर वळली की पॉलेट दोन-चार घड्या मोडून परत टोपलीत टाकी, म्हणजे त्याला काम पुरे. बावन्न वर्षांचा माणूस. याच हातांनी त्यानं अकरा हंगाम मोठ्या संघातून भल्याभल्यांना आडवं केलं होतं. आमच्या क्लेरीव्हिल गावात त्याच्या नावाचा शर्ट घालून हिंडणारी माणसं अजून दिसतात.

आमच्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो पायानं कमीच खेळतात. एकानं लांबट चेंडू काखेत मारून धावायचं आणि दुसऱ्यानं अंगावर झेप घेऊन त्याला पाडायचं. अशा वेळी आधी आदळतं ते हेल्मेट, आणि हेल्मेटच्या आत डोकं असतं. नदीकाठचा पोलादाचा कारखाना बंद पडल्यावर गावातून बाहेर पडायला पोरांना ही एकच वाट उरली. त्या वाटेवर कुणाचं काय सांडलं हे बघायला आम्ही कधी मागे वळलो नाही.

मी इथल्या शाळेत छत्तीस वर्षं इतिहास शिकवतो. पॉलेट त्याच शाळेची ग्रंथपाल. पुढचं सगळं तिनं मला स्वतः सांगितलं आणि लिहून द्या म्हणाली. का, ते पुढे येईलच.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या मेंदूची एक परीक्षा घेतात. बारा शब्द वाचून दाखवायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, असं बरंच काही. किती जमलं ते लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसला, की तीच परीक्षा पुन्हा. आकडा घसरला तर खेळाडूनं बाकावर बसायचं, सुधारेपर्यंत. परीक्षा चांगली, काढणाऱ्यांचा हेतूही चांगला. पण आम्ही पडलो हुशार. आम्ही पहिल्याच परीक्षेत मुद्दाम ढ व्हायला शिकलो. सुरुवातीलाच खाली बसलेला माणूस पुढे पडणार कुठून? बाराच्या बारा आठवत असले तरी सातच सांगायचे. सहा सांगितले तर डॉक्टर भुवया उंचावतो. आठ सांगितले तर नोव्हेंबरात अंगाशी येतं. सात हा आमच्या गावचा आकडा, आणि तो बापानं मुलाला आणि गुरूनं चेल्याला सांगितलेला.

कोस्टेल्निकांकडे परीक्षेच्या आधीच्या रविवारी जेवणं झाली की टेबल पुसून सराव व्हायचा. शब्द वाचायचे पॉलेटनं, कारण ग्रंथालयात लहान मुलांना गोष्टी वाचून वाचून तिचा आवाज स्वच्छ झालेला. एमिलसाठी तिनं नऊ उन्हाळे वाचले. ओवेन मोठ्या संघात गेल्यावर त्याच्यासाठी दोन. कुठले पाच गिळायचे हेही तीच ठरवी. दरवेळी शेवटचेच गाळले तर ओळखू येतं, मधले गाळ, असं सांगे.

या वर्षी मार्चमध्ये ती एमिलला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तो दाढीचा साबण फ्रिजमध्ये ठेवू लागला होता आणि एकदा तिलाच दारात अडवून कोण पाहिजे म्हणून विचारलं होतं. बाईंनी बारा शब्द वाचले. एमिलनं तीन सांगितले, पॉलेटकडे पाहिलं आणि डोळा मारला.

परतताना गाडीत तो खुशीत होता. "सगळे येत होते मला. मागे ठेवले."

"मग आता सांग ना एमिल. आपण दोघंच आहोत."

"वेडी आहेस का? खेळू देणार नाहीत."

तिनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. किती शब्द खरंच गेले आणि किती त्यानं लपवले, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. नवरा त्या खोट्याच्या आड कुठेतरी होता. ते खोटं तिनंच त्याला घोकून घेतलं होतं.

पुढच्या भेटीत बाईंनी संघाकडून आलेले जुने कागद टेबलावर ठेवले. "सव्विसाव्या वर्षीही यांना सातच आठवत होते, मिसेस कोस्टेल्निक. कागदावर पाहिलं तर घसरण चारच शब्दांची. यांची खरी स्मरणशक्ती कशी होती, हे सांगणारं काही आहे का तुमच्याकडे?" पॉलेटनं सरावाचं सांगितलं नाही. लाज वाटली, असं ती मला म्हणाली.

याच्याही आधीची एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या नोव्हेंबरात ओवेनला एका सामन्यात मार बसला. उठून उभा राहिला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगळवारी परीक्षा झाली. उन्हाळ्यात सात, आताही सात. रविवारी तो पुन्हा मैदानात. मधल्या बुधवारी तो आईला भेटायला निघाला आणि सिकामोर रस्त्यावरच्या घराचं दार वाजवलं. ते घर त्यांनी सोडलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दार उघडणाऱ्या बाईला त्यानं विचारलं, "आई कुठेय?" त्या बाईनं पॉलेटला फोन केला. नंतर ओवेन हसला, रस्ते सगळे सारखेच दिसतात म्हणाला. पॉलेटही हसली.

तर त्या रविवारी ओवेन आला. चोवीस वर्षांचा, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात असा. त्याच्या पाठोपाठ वॉल्ट, एमिलचा थोरला भाऊ. वॉल्ट आमच्या शाळेच्या संघाचा प्रशिक्षक. माणूस वाईट नाही. एमिल असा झाल्यापासून त्याच्या अंगणातलं गवत दर आठवड्याला हाच कापतो. पण सात हा आकडा गावातल्या दोन पिढ्यांना त्यानंच शिकवला.

जेवणं झाली. वॉल्टनं ताट बाजूला सारलं. "चल पॉलेट, टेबल पूस. उद्या आपल्या गड्याची परीक्षा आहे."

"या वर्षी मी वाचणार नाही."

"का? घसा बसलाय?"

"घसा चांगला आहे."

"आई, वर्षातून एकदाच तर बसतो," ओवेन म्हणाला. "त्यात कसला आलाय एवढा हट्ट?"

"तू उद्या सगळे सांग. जेवढे आठवतील तेवढे सगळे."

"अगं, माझ्या जागेवर तिघं टपून बसलेत. मी शहाणपणा करून बारा सांगायचे, ऑक्टोबरात एकदा डोकं दणकलं की महिनाभर बाकावर. महिनाभर बाकावर बसलेल्याला पुढच्या वर्षी कुत्रं विचारत नाही."

"तुझे बाबाही हेच म्हणायचे."

"मग? अकरा हंगाम खेळले ना?"

तिघांचीही नजर एमिलकडे गेली. तो एका टॉवेलाचं टोक दुसऱ्या टोकाला जुळवत होता, ते काही जुळत नव्हतं.

वॉल्ट खाकरला आणि खिशातून कागद काढला. "मी वाचतो. माझं वाचणं म्हणजे हवामानाच्या बातम्या, पण चालवून घे." आणि वाचू लागला. "बादली. मध. खिडकी. दोर. घोडा. पाव. किल्ली. गवत. चमचा. नदी. मेणबत्ती. टोपी."

थोडा वेळ त्यानं घालवला. कॉफी झाली. मग त्यानं हनुवटी उडवली आणि ओवेननं डोकं खाजवत, आठवत नसल्याचं सोंग करत, एकेक करून सात शब्द सांगितले.

"शाब्बास. अगदी बापासारखा ढ."

तेवढ्यात एमिलनं टॉवेल खाली ठेवला. "आता मी. माझी पाळी."

एमिलनं हात वर केला आणि अंगठा उघडला. "चमचा." मग एक बोट. "टॉवेल." मग पुढचं. "चमचा. पाव." जरा थांबला. "पॉलेट. टॉवेल. चमचा." दुसऱ्या हाताचं दुसरं बोट उघडलं तसा तो थांबला, उघडी बोटं पुन्हा मोजली आणि ओठ घट्ट मिटून घेतले, आणखी पुष्कळ शब्द आत आहेत पण सोडणार नाही अशा थाटात. मग बायकोकडे बघून डोळा मारला.

"सात. बरोबर ना?"

"बरोबर," पॉलेट म्हणाली. "अगदी बरोबर."

मुलाचं नाव त्याला त्या दिवशी सकाळपासून आठवलं नव्हतं. सात हा आकडा तेवढा आठवत होता.

वॉल्ट उठला. "मी जरा गवत कापून घेतो," म्हणाला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. यंत्राची घरघर सुरू झाली.

पॉलेटनं तो कागद उलटा केला. मागे तिच्याच हातची गेल्या वर्षीची यादी होती. "ओवेन, आता मी वाचते. इथं कोणी लिहून घेत नाही. मला सगळे सांग."

"आई..."

"माझ्यासाठी."

तिनं बारा शब्द वाचले, गोष्ट वाचावी तसे सावकाश. मग भांडी घासली, ओवेननं ती पुसली. दहा मिनिटांनी तिनं विचारलं.

ओवेननं सहज सुरुवात केली. आठ शब्द आले.

"आणि?"

"आठ झाले की."

"राजा, मुद्दाम नको ठेवूस. पुढचे सांग."

त्यानं डोळे मिटले. बाहेर यंत्र खिडकीखालून गेलं आणि परत आलं. "आई, मी काही ठेवलेलं नाही."

पॉलेटनं यादी पुन्हा उचलली. "पुन्हा वाचू?"

"वाच."

ती वाचून थांबली, तितकाच वेळ. या खेपेला सात आले, आणि त्यातला घोडा या यादीत नव्हताच. तो वॉल्टच्या यादीतला.

"मागच्या वर्षी खरे किती यायचे तुला?"

"अकरा. बारा. तूच तर म्हणाली होतीस, बारा आठवून पाच गिळायला डोकं लागतं." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला. "आई, मला वाटत होतं मी अजून सोंगच करतोय."

तिनं त्याचं एवढं मोठं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. एमिल उठून आला आणि घडी घातलेला एक टॉवेल त्यानं मुलाच्या मांडीवर ठेवला.

सोमवारी सकाळी संघाच्या शिबिराला जाताना ओवेननं आईला गाडी चालवू दिली. परीक्षा घेणाऱ्यासमोर बसल्यावर तो म्हणाला, "मला आठच्या वर येत नाहीत. आणि मागच्या दोन उन्हाळ्यांचे सात खोटे आहेत. तेव्हा मला सगळे येत होते." पॉलेट शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सराव मी करून घेतला. माझं नाव लिहा."

त्यानंतर ओवेन खेळलेला नाही. खेळेल असं वाटत नाही. त्याच्या डोक्यावर आता उपचार चालू आहेत, आणि निदान मोजायला एक खरा आकडा तरी आहे. गावात कुजबुज आहे. चर्चच्या मासळीच्या जेवणात पॉलेट ज्या टेबलाशी बसली तिथली दोन कुटुंबं उठून दुसरीकडे गेली. पोराचं वाटोळं केलं, असं एक बाई तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पॉलेट माझ्या वर्गात आली. "तुम्ही एमिलला शिकवलंय. तो कसा होता ते लिहून द्या. कुठेतरी खरं लिहिलेलं असू दे."

तर डॉक्टरीणबाई, हे तुमच्यासाठी. एमिल कोस्टेल्निक, अकरावीचा वर्ग, खिडकीकडून तिसरा बाक. हा मुलगा देशाचे सगळे अध्यक्ष क्रमानं म्हणायचा आणि मग उलटे म्हणायचा, आणि मी मध्ये एखादा चुकवला तर मला अडवायचा. यादवी युद्धाच्या तारखा मी फळ्यावर लिहीत नसे, एमिलला विचारत असे. बारा शब्द त्याला वाचून दाखवले असते तर त्यानं बाराही सांगितले असते आणि वर विचारलं असतं, बस, एवढेच?

हे मला ठाऊक होतं. आणि आमच्या शाळेतल्या मुलांची ही परीक्षा दर ऑगस्टमध्ये संगणकांच्या खोलीत माझ्याच देखरेखीखाली होते. वर्गात पानंच्या पानं पाठ म्हणणारी मुलं तिथं सात शब्दांवर अडखळताना मी बघितली आहेत. एका वर्षी एकतीसपैकी सव्वीस मुलांना नेमके सात. मी ते कागद फायलीला लावले, खाली सही केली आणि शुक्रवारी सामना बघायला गेलो. तिथं कुणी पडलं की ऊठ, ऊठ म्हणून ओरडणाऱ्यांत माझाही आवाज असायचा.

येत्या सोमवारी तेहतीस मुलं बसणार आहेत. परीक्षेआधी मी त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे, आणि सगळे शब्द सांगा म्हणणार आहे. काल वॉल्टला फोन करून तसं कळवलं. वाटलं होतं, भडकेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि त्यांनी मनापासून आठवायचा प्रयत्न केला, आणि तरी सातच आले तर?"

सोमवारी कळेल.