जंतूंची टाकी

आमच्या दादाची टाकी जंतूंवर चालायची. घराघरांतला ओला कचरा तिच्यात घालायचा, जंतूंनी तो कुजवायचा आणि निघालेला गॅस पलीकडच्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जायचा. पालिकेकडून ही टाकी मंजूर करून घेताना दादाच्या चपला झिजल्या. वहिनी तिला सरळ सवत म्हणायची. "आणि खाते माझ्यापेक्षा जास्त," असंही वर म्हणायची.

मग साथ आली आणि पालिकेच्या साहेबांचं फर्मान निघालं : कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीवर जंतुनाशक फवारा. जंतूंवरच चालणाऱ्या टाकीत जंतू मारायचं औषध घातलं तर ती मरणार, पण हे साहेबांना सांगणार कोण? दादाने गुपचूप नुसतं पाणी फवारलं. पंप तोच, कपडे तेच, कोणाला पत्ता लागला नाही.

आमच्याबरोबर कचरा निवडणारे काका तापाने फणफणले आणि चार दिवसांत गेले. पिशवीतून आजार आला की आणखी कुठून, देवालाच ठाऊक. दादाने मात्र ते स्वतःच्याच माथी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो खरं औषध फवारायला लागला, पिशव्या निथळेपर्यंत.

"दादा, टाकी मरेल," मी म्हटलं.

"तू मरू नकोस म्हणजे झालं."

मला त्याचा इतका राग आला की रडूच फुटलं.

टाकी मेली. आधी गॅस कमी झाला, मग आंबट घाण वास सुटला, मग दवाखान्याने सिलिंडर मागवले. साहेब नाकाला रुमाल लावून आले आणि "गुंडाळा हे प्रकरण" म्हणून गेले. टाकीच्या मागे कचरा जाळायची भट्टी बसली. ओला-सुका सगळा तिच्यात जातो. ती पेटवायची नोकरी दादालाच मिळाली, वर उपकार केल्यासारखी.

वस्तीत मात्र कोणी काही कळवलंच नाही. आज काकांची बायको दोन डबे घेऊन गेटवर आली. एकात ओला, एकात सुका. ओल्यात प्लास्टिकचा कपटाही नव्हता.

"टाकी चालू आहे ना रे?" तिने दादाला विचारलं. "ह्यांचा फार जीव होता तिच्यावर."

"चालू आहे, काकू."

दादा डबे घेऊन मागे गेला. दोन्ही भट्टीत उपडे केले, नळाखाली स्वच्छ धुतले आणि पदराने डोळे पुसणाऱ्या काकूच्या हातात परत दिले.

"उद्याही असंच वेगळं करून आणा," तो म्हणाला.